आबांचं मृत्युपत्र आणि देवळातलं जाजम

आमच्या आबांनी मृत्युपत्र केलं त्या दिवशी आमच्या दारात सदतीस माणसं जेवली, आणि त्यातली निम्मी जेवणाआधी रडून घेतलेली होती. आबा स्वतः दोनदा जेवले. जेवणानंतर रडणारा मी एकटाच, पण ते पुढं येईलच.

मी ओतूरच्या एका कॉलेजात कारकून आहे. गाव तिथून दोन कोसांवर. घरात आबा, आई, माझी बायको सुनंदा आणि मी. आबा एकोणऐंशीचे. दात त्यांचे स्वतःचे, गुडघे स्वतःचे आणि सात-बाराही स्वतःचाच. यातल्या तिसऱ्या गोष्टीवरून हे सगळं रामायण घडलं.

झालं असं, की कॉलेजात ज्येष्ठांसाठी एक व्याख्यान ठेवलं होतं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, वारसनोंद, बँकेतलं नॉमिनी असं सगळं त्या समजावून सांगत होत्या. माझ्याकडं काम माइकचं. माइक सारखा किंचाळायचा, म्हणून मी दोन तास त्यांच्या शेजारी वायर दाबून धरून उभा होतो. वायर सोडली तेव्हा मी कायदेपंडित झालो होतो! (समोरचे ज्येष्ठ बहुतेक झोपले होते. एवढं ज्ञान कुठंतरी जायलाच हवं होतं, ते माझ्यात शिरलं.)

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. आबा पाटावर बसून जेवतात. विहिरीवरच्या जुन्या मोटेचं सागवानी लाकूड निघालं होतं, त्याचा सुतारानं करून दिलेला तो पाट. त्यावर दुसरं कुणी बसत नाही. आबांचं जेवण झालं की तो भिंतीला टेकून उभा राहतो आणि पुढच्या जेवणाची वाट बघतो. हा विषय घरात कसा काढावा हे त्या बाईंनी नीट सांगितलं होतं, पण नेमकी त्याच वेळी माझ्या हातून वायर निसटली होती.

"आबा, तुम्ही गेल्यावर…" मी सुरुवात केली.

"कुठं?"

"कुठं म्हणजे… आपलं… सगळ्यांनाच जायचंय ना एक दिवस."

"समदीच गेल्याव म्हशीला वैरण कोन टाकनार?"

आईनं माझ्या भाकरीवर चटणीचा गोळा आदळला. "जेवताना आसलं बोलत्यात व्हय रं? गप गिळ."

पण गप्प बसणाऱ्यातला मी नाही. मी आबांना दोन्ही कागदांतला फरक सांगितला. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, तोवर ते पाहिजे तितक्यांदा बदलता येतं. बक्षीसपत्र केलं की जमीन लगेच दुसऱ्याच्या नावावर. "आणि खरं सोपं काय असेल," मी ताकाचा भुरका मारून म्हटलं, "तर बक्षीसपत्र. मागं कटकट राहत नाही."

"कुनाच्या नावावर करायचं म्हंतोस?"

"आता कुणाच्या म्हणजे… घरात दुसरं आहे कोण!"

आबांनी शांतपणे हात धुतला. "इलास, भरलं ताट द्यावं, पन बसायचा पाट देऊ न्हाई. माझ्या बापानं सांगून ठिवलंय."

"मी तुम्हाला पाटावरून उठवीन असं वाटतं तुम्हाला?"

"न्हाई. तू तसला न्हाईस."

मला जरा बरं वाटलं.

"भिवाचा पोरगाबी तसला नव्हता," आबा म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

भिवानाना आमचे शेजारी. मागं त्यांनी घर-जमीन सगळं मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून दिलं. मुलगा वाईट नाही, खोटं का बोला. मारत नाही, शिव्या देत नाही. फक्त घराला रंग दिला तेव्हा नानांची खाट मागच्या पडवीत गेली, ती रंग वाळल्यावरही पडवीतच राहिली. आता लेकीकडं जायला एसटीचं भाडं लागलं की नाना मुलाला विचारतात आणि मुलगा म्हणतो, "बघू." नाना रोज सकाळी आमच्याकडं चहाच्या वेळेला येतात आणि "सहज आलो व्हतो" असं सांगतात.

तरीही माझा हेका बक्षीसपत्राचाच. आता सगळं होऊन गेलंय म्हणून खरं सांगतो, माझा डोळा विहिरीच्या मळ्यावर होता. बाकीची जमीन वाडवडिलांची, तिचे कायदे वेगळे. पण हा मळा आबांनी स्वतः विकत घेतलेला, तो ते कुणालाही देऊ शकत होते. काळी माती, बारमाही पाण्याची विहीर, बांधावर मोठा आंबा. तिथं पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी आलीत, आंब्याला बांधलेल्या झोक्यावर बसून पिठलं-भाकरीचे फोटो काढतायत, आणि मी काळा चष्मा लावून त्यांना कांद्याची लागवड समजावतोय, असं स्वप्न मला दिवसाढवळ्या पडायचं. एवढंच कशाला, मी कार्डंसुद्धा छापून घेतली होती! 'विलास कृषी पर्यटन केंद्र', आणि खाली, 'बिबट्याच्या गावात एक निवांत दिवस'. माझी थोरली बहीण मंदाताई डिंभ्याला दिलेली. पण बहिणी काय, तलाठ्यापुढं हक्कसोडीची सही करतात, साडी-चोळी घेतात आणि डोळे पुसत जातात, हे मी धरूनच चाललो होतो.

दोन महिने मी आबांच्या मागं लागलो. बक्षीसपत्राला ते बधले नाहीत, पण शेवटी मृत्युपत्राला तयार झाले. एक अट घातली. कागदात काय लिहायचं ते फक्त वकिलाला सांगणार. मी त्यांना मोटरसायकलवर जुन्नरला नेलं. आत आबा आणि वकील, बाहेर लिंबाखाली मी आणि माझी भेळ. पाऊण तासानं दोघं हसत बाहेर आले.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"कांद्याचं चाललं व्हतं," आबा म्हणाले आणि मागच्या सीटवर बसले.

वकीलसाहेबांनी मला बाजूला घेऊन सूचना दिल्या. बुधवारी अकराला ते टाइप केलेला कागद घेऊन घरी येणार. दोन साक्षीदार लागतील, ज्यांना कागदात काही मिळणार नाही असे. वयाचा विचार करता आबांची बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. "आणि गावात बोभाटा नको," ते म्हणाले. "असल्या गोष्टी गुप्त राहिलेल्या चांगल्या."

गुप्त राखायचं काम मी अंगावर घेतलं. घोटाळा झाला तो इथंच.

पहिली गोष्ट, सुनंदाला ताकीद दिली, "कुणी काही विचारलं तर एक शब्द बोलायचा नाही. मान खाली घालायची." दुसरी, कायद्याचं काम म्हणून पांढरा नेहरू शर्ट आणि पांढरी विजार कडक इस्त्री करून घातली. तिसरी, घरात खुर्च्या दोनच, येणार चार-पाच माणसं, म्हणून सकाळी सातला देवळातलं जाजम आणायला गेलो. गुरव ओटा झाडत होता.

"जाजम पाहिजे होतं," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पांढऱ्या कपड्यांकडं पाहिलं आणि झाडू थांबवला. "कुनासाठी?"

"आबांसाठी." (गुप्त म्हणून आवाज अगदी खाली आणला होता.)

"आरारारा! कवा?"

"अकरा वाजता."

"जरा लवकरच उरकताय."

"ऊन व्हायच्या आत झालेलं बरं."

"त्ये बी खरंच म्हना." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी घरचं बघा, दादा. बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. जाजम जड होतं आणि ते माझ्या डोक्यावर होतं. आमच्या गावात ते जाजम दोनच कारणांनी देवळाबाहेर निघतं, एक सुपारी फुटली तर आणि दुसरं माणूस गेलं तर, हे मला जन्मापासून माहीत आहे. आमच्या घरात लग्नाचं कुणी उरलेलं नाही हे गावाला माहीत आहे. दोन्ही माहिती एकत्र करायला माझ्यासारख्या कायदेपंडिताला सवड नव्हती. गावाला होती.

साडेनऊला डॉक्टर आले. आबा म्हशीची धार काढायला निघाले होते, त्यांना धरून पाटावर बसवलं.

"आबा, आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बुधवार. नवमी. काल टमाट्याचा बाजार पडला."

"शंभरातून सात गेले किती?"

"सात कशाचं?"

"नुसते आकडे हो."

"नुसतं आकडं कुनी घालिवतं व्हय? शंभर गोनी कांदा धरा. सात सडल्या. ऱ्हायल्या त्र्यान्नव."

"आणखी सात?"

"लई सडतोय तुमचा कांदा. शहाऐंशी."

"आणखी सात?"

"एकोणऐंशी. त्येवढंच माझं वय हाय. म्होरं घालवू, का आता हितंच थांबू?"

डॉक्टर हसले आणि पेन काढलं. एवढ्यावर भागलं असतं, पण आबांनी माझ्याकडं बोट केलं. "आता याला इचारा."

"वार कोणता, विलासराव?"

"मंगळवार," मी ठामपणे म्हणालो. सकाळपासूनच्या धावपळीत माझा एक दिवस गळाला होता. वजाबाकीत मी शहाऐंशीपर्यंत बरा होतो, पुढं अठ्ठ्याहत्तर म्हणालो, मग ऐंशी म्हणालो. दाखल्यावर नाव लिहिण्याआधी डॉक्टरांनी ते कुणाचं लिहायचं, असं दोनदा विचारून घेतलं. खोळंबलेली धार काढायला आबा मागच्या दारानं गोठ्यात गेले.

डॉक्टरांना चहा देऊन मी पुढच्या अंगणात आलो आणि जागच्या जागी थिजलो. जाजम भरलं होतं! वीस-पंचवीस माणसं, टोप्या मांडीवर, माना खाली. माणसं अजून येतच होती. कुणी बोलत नव्हतं. माझ्या मनात आलं, गेलं आपलं गुपित! सगळ्यांना मृत्युपत्राचं कळलं! एवढ्यात सदाभाऊ उठून माझ्याकडं आले. हे आमच्या भावकीतले, आबांचे चुलत पुतणे. त्यांचा ट्रॅक्टर फाटकात उभा होता आणि ट्रॉलीत लाकडं न् गोवऱ्या भरलेल्या होत्या. (आमच्याकडं कायम चुलीला सरपण लागतं, भावकीनं आठवण ठेवली म्हणून मला उलट भरून आलं.)

"इलास, लई वाईट झालं," ते म्हणाले.

"वाईट कसलं, सदाभाऊ? कधीतरी हे व्हायचंच होतं."

"त्ये हायच. पन तरास झाला का काय?"

"त्रास मला झाला! दोन महिने मागं लागलो होतो, आज कुठं तयार झाले."

सदाभाऊ दोन पावलं मागं सरकले.

"डाक्टर काय म्हनलं?"

"दाखला दिला. हा काय, खिशात आहे."

"मंग आता कोन यायचं ऱ्हायलंय?"

"वकील."

"वकील?"

"त्यांच्याशिवाय कसं होणार? ते आले की दहा मिनिटांत उरकू. तुम्ही मात्र थांबा हं, तुमची सही लागेल."

सदाभाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "ह्येला बी आता सई लागती का राव? कुठं चाललंय सरकार!"

बाहेर हे चाललेलं, आणि आत त्याहून बहार! पारूकाकू आणि आळीतल्या बायका स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. त्यांनी सुनंदाला विचारलं, "काय झालं गं?" सुनंदानं ठरल्याप्रमाणं मान खाली घातली. मग त्यांनी आईला गळ्याशी धरलं आणि सूर लावला. आई मेथी निवडत होती. तीही तितक्याच जोरात रडायला लागली. नंतर मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं का कोण गेलं ते?" तर म्हणाली, "न्हाई. पन रडताना इचारनं बरं दिसत न्हाई." आमच्याकडं घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. त्या रिवाजानं पाच घरांतून पाच पातेली पिठलं येऊन ओट्यावर मांडलं होतं.

तेवढ्यात फाटकाशी एक पिकअप थांबला. डिंभ्याहून सकाळची एसटी आलीच नव्हती, म्हणून मंदाताई धरणातली मासळी नेणाऱ्या गाडीत बसून आली होती. तिच्या मागोमाग गल्लीतली तीन मांजरं. आबांनी तिला आदल्या दिवशी फोन केला होता. आबांचा फोन म्हणजे एकच वाक्य, तेही ओरडून. "मंदे, बुधवारी ये, भेट व्हईल!" आणि खाली. काळजीनं अर्धी झालेल्या ताईनं फाटकातून पाहिलं, तर देवळातलं जाजम, डॉक्टरांची गाडी, लाकडाची ट्रॉली आणि पांढऱ्या कपड्यांतला भाऊ. तिनं तिथंच हंबरडा फोडला.

"आबाऽऽ! बुधवारी ये म्हनला आन् दुपारपतूर बी दम न्हाई निघला वोऽऽ!"

जाजमावरची माणसं हुंदके द्यायला लागली. भिवानाना तर पार कोलमडले. मी "ताई, अगं ऐक, ताई" करत पुढं धावलो, तर तिनं मला मिठी मारली आणि माझा नेहरू शर्ट मासळीच्या वासानं भरून गेला. त्या गोंधळात गोठ्याच्या बाजूनं आबा आले. हातात दुधाची बादली, खांद्यावर टॉवेल. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि आपणही टॉवेल डोळ्याला लावला.

"कोन गेलं गं, मंदे?"

"तुमी, आबा!" ताई हुंदक्यातच म्हणाली.

आबांनी बादलीकडं पाहिलं. "मी? मंग धार कुनी काढली?"

मग ताई धावली आणि आबांच्या गळ्यात पडली, निम्मं दूध सांडलं, मांजरांचं कल्याण झालं. आबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "आगं हाय की मी, येडे. हाय की," एवढंच त्यांना बोलता येत होतं, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा झाला होता. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मी गुरवाकडं पाहिलं. गुरवानं आभाळाकडं पाहिलं.

मला सगळं सांगावं लागलं. मृत्युपत्र, डॉक्टर, वकील, जाजम. सांगून झाल्यावर सदाभाऊ म्हणाले, "मला काय वाटलं, बापाला वर धाडाय दोन महिनं मागं लागला व्हता ह्यो! मी तर पोलिसाला फोन करनार व्हतो." ही गोष्ट पुढं वर्षभर मला सगळ्या लग्नांत ऐकावी लागली.

अन्न टाकायचं नाही, म्हणून पंगत तिथंच जाजमावर बसली. मी मोजली, सदतीस पानं. मध्यभागी पाटावर आबा. त्यांनी स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं भाकरीवर घेतलं, चाखलं आणि पारूकाकूंकडं बघून म्हणाले, "मीठ कमी हाय, वयनी. पुढल्या बारीला ध्यान ठिवा."

पंगत चाललेली असताना वकीलसाहेब आले. माणसं पाहून ते फाटकातच थांबले. "विलासराव, गुप्त म्हणालो होतो ना मी?"

"गुपित ठिवलं म्हनूनच तर मला तिरडीव घालत व्हते," आबा म्हणाले. "आता भावकी बसलीच हाय. वाचा समद्यांच्या म्होरं. जिमिनीचा शबुद भावकीच्या देखत झालेला बरा."

वकिलांनी समजावून पाहिलं. आबा ऐकेनात. शेवटी त्यांनी कागद काढला. मी पुढच्या रांगेत, पाठ ताठ, चेहऱ्यावर नम्र भाव. मनात झोके बांधून झाले होते.

"'माझी प्रकृती ठणठणीत असून…'" वकिलांनी सुरुवात केली आणि जाजमावर हशा उसळला. पुढं ते वाचत गेले तसा तो थांबला. "'राहते घर माझ्यामागे माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत तिला कोणी घराबाहेर, किंवा घरातल्या घरात मागच्या पडवीला हलवू नये.'"

भिवानाना पानातल्या भाकरीकडं बघत बसले.

"'विहिरीचा मळा मी पत्नीच्या पाटल्या मोडून घेतला. म्हणून तो माझ्यामागे तिचा. तिच्या पश्चात मंदा आणि विलास या दोघांचा, निम्मा-निम्मा, विहिरीच्या पाण्याच्या पाळीसकट.'"

मी आईच्या हातांकडं पाहिलं. मनगटावर चार काचेच्या बांगड्या होत्या. त्या हातांनी मला चोपन्न वर्षं वाढलं, आणि त्यात पाटल्या का नाहीत, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ज्या मळ्याची मी कार्डं छापली होती तो या हातातून निघालेला होता. मला फार लाज वाटली.

मंदाताई गडबडीनं उठली. "मला नगं, आबा. मी हक्कसोड करून देते, आत्ता सई करते. मला फकस्त माह्यारची वाट ऱ्हाऊ द्या."

"वाट कशावं ऱ्हाती, बाई?" आबा म्हणाले. "जिमिनीवंच ना? का हवेत?"

ताई खाली बसली. भावकीतल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, पुरुषांनी पिठल्यात लक्ष घातलं. नानांचा आवाज आला, बारीक. "आबा, ह्यो कागुद मला आधी दावला आसता तर…"

वकीलसाहेब त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ज्येष्ठांसाठी कायदा आहे, नाना, प्रांतसाहेबांकडं अर्ज करता येतो, तुमचा कागद आणा, काय होईल ते पाहून सांगतो, असं हळू आवाजात सांगू लागले. "पोराला राग यील," नाना म्हणाले. आबांनी पाटावरूनच हात लांब केला आणि नानांचा गुडघा दाबला. "भिवा, उद्यापासनं सहज नगं येऊस. चहालाच ये." नानांनी मान हलवली आणि उपरण्यानं नाक पुसलं.

"विलासरावांसाठी वेगळं एक कलम आहे," वकील म्हणाले.

मी सावरून बसलो. काही झालं तरी बाप होता. आता येणार आंब्याचं झाड, निदान झाड!

"'मी ज्या पाटावर बसून जेवतो तो सागवानी पाट माझ्यामागे विलासचा, संपूर्ण मालकी हक्काने. मात्र मी हयात असेपर्यंत त्याने त्यावर बसू नये.'"

सदतीस माणसांच्या हसण्यानं गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. आबांनी खिशातून एक कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. 'बिबट्याच्या गावात एक निवांत दिवस'. माझ्याच शर्टाच्या खिशात त्यांना ते सापडलं होतं, दोन महिन्यांपूर्वी. "आईला इचारून झोकं बांध," ते म्हणाले. "तिनं हो म्हनलं तर म्या बी बशीन."

मग साक्षीदारांवरून नवं भांडण. सगळ्यांनाच सही करायची होती! अमक्याची घेतली तर तमका रुसणार, लग्नात न बोलावल्यासारखा. शेवटी डॉक्टरांची घेतली, कारण त्यांची गाडी सदाभाऊंच्या ट्रॉलीमागं अडकली होती, आणि दुसरी सदाभाऊंची, कारण ट्रॉली काढणं त्यांच्या हातात होतं. आबांनी दोघांच्या देखत स्वच्छ अक्षरात सही केली आणि भूक लागली म्हणून पुन्हा पानावर बसले. सरपण आम्ही ठेवून घेतलं. मी गोठ्यात गेलो आणि म्हशीच्या आडोशाला उभा राहून रडलो. थोडं झोक्यांसाठी, पण जास्त त्या पाटल्यांसाठी. सुनंदा वैरण टाकायला आली, तिनं पाहिलं आणि ठरल्याप्रमाणं मान खाली घातली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. आईनं झोक्याला परवानगी दिलेली नाही, उरलेली कार्डं ती चूल पेटवायला घेते. मागच्या चतुर्थीला आबा ओझरच्या गणपतीला गेले होते. घरात मी आणि आई. पाट भिंतीला टेकलेला. मी विचार केला, पुढंमागं आपल्याच मालकीचा आहे, जरा बसून बघायला काय हरकत आहे! पाट मांडला, हळूच टेकलो. छान होता. तेवढ्यात आई ताट घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"ऊठ."

"अगं, आबा घरात नाहीत."

"घरात न्हाईत, हयात हायेत. ऊठ. कागदात काय लिवलंय?"

मी उठलो, पाट पुसून भिंतीला लावला आणि मुकाट्यानं फरशीवर बसलो. आईनं ताट पुढं ठेवलं. आता कायदेपंडितानं खोटं कशाला बोलावं, ताट मात्र भरलेलं होतं.